ब्रदर ऑरिनचं सोनेरी बूच

"या जगात दोनच गोष्टी अविनाशी आहेत!" ब्रदर ऑरिन स्क्रग्ज यांनी दोन्ही हात आभाळाकडे उचलून गर्जना केली. "एक तो वरचा, आणि दुसरा माझ्या तेलात बुडालेला गिअर!"

वाक्य संपतंय न संपतंय तोच ते ज्या स्टुलावर उभे होते त्याचा एक पाय मोडला आणि ब्रदर शेजारच्या बर्फाच्या पेटीत बसले. गर्दी एका सुरात म्हणाली, "आमेन!" हा आमेन नक्की कशाला होता, ते कळायला मार्ग नव्हता.

ऑगस्टमधला शनिवार होता. अमेरिकेतल्या ओझार्कच्या तळ्यावर, टर्कीबेंडच्या धक्क्यावर चाळीसेक बोटी वेगाच्या चाचणीसाठी जमल्या होत्या. एकेका बोटीला दोन दोन इंजिनं, एकेक इंजिन हजार घोड्यांचं. या बोटींना ब्रेक नसतात, वल्ही नसतात, आणि मालकांच्या बायकांच्या मते मालकांना अक्कल नसते. हे हजार घोडे पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचतात ते बोटीच्या मागे लोंबणाऱ्या गिअरच्या पेटीतून. तिला सगळे नुसतं ड्राइव्ह म्हणतात. आत तळहाताएवढी दातेरी चाकं. लाटेवरून बोट उडाली की पंखा हवेत मोकाट सुटतो, परत पाण्यात आला की कचकन अडतो, आणि तो सगळा दणका त्या दातांवर बसतो. म्हणून या तळ्यावर लोक एकमेकांच्या तब्येतीची चौकशी नंतर करतात. आधी विचारतात, "मिशी कशी आहे?"

मिशी म्हणजे ड्राइव्हच्या बुचावरची. तेल काढायच्या भोकाला जे बूच असतं त्याच्या टोकाला चुंबक बसवलेलं असतं. गिअर झिजले की लोखंडाची पूड त्याला चिकटते आणि काळी लव उगवते. मऊ, बारीक लव असली तर ठीक. टोचणारी कणी लागली तर ड्राइव्ह खोला. दर रविवारी संध्याकाळी बाप्ये माणसं ही बुचं उन्हात धरून, हाताची रेषा बघावी तशी बघत बसतात.

आणि ब्रदर ऑरिनचा चमत्कार असा की त्यांच्या तेलात चाललेल्या ड्राइव्हला मिशी येतच नव्हती!

गुरुवारी हे फिरते उपदेशक आपली व्हॅन घेऊन आले, तेव्हापासून ते ड्राइव्हचा बाप्तिस्मा करत होते. जुनं तेल काढायचं, आपलं 'गोल्डन जॉर्डन' भरायचं, आणि जुनं बूच 'जुनी पापं' असं लिहिलेल्या बादलीत टाकून त्या जागी स्वतःचं सोनेरी बूच बसवायचं. तेल दिसायला देखणं, सोन्याचे कण चमकताहेत, आणि वास व्हॅनिलाचा. शुक्रवारी लोकांनी सराव केला, बुचं काढून पाहिली. लखलखीत! लव नाही, डाग नाही. बाया माणसं डोळे पुसायला लागली.

"बघितलंस, ओमा?" ब्रिनने आपलं सोनेरी बूच आजीच्या नाकासमोर नाचवलं. "ताशी एकशेवीस मैलांनी हाणली काल. आणि हे बघ, बाळाच्या गालासारखं!"

ब्रिनची ओमा म्हणजे ओटिली हॉन, वय एकाहत्तर. हायस्कुलात तेहतीस वर्षं त्यांनी भौतिकशास्त्र शिकवलं. धक्क्यावरच्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं होतं, आणि सकाळपासून त्या निम्म्यांकडे बघून हॉनबाईंना आपल्या पेन्शनची लाज वाटू लागली होती.

"नवे गिअर ना गं तुझे? मेमध्ये घातलेले?"

"हो."

"नवा गिअर पळाला आणि जरासुद्धा झिजला नाही?"

"तोच तर चमत्कार!"

"घर झाडलं आणि केर निघालाच नाही, तर मी घराचं कौतुक करत नाही, ब्रिन. झाडू बघते."

"ओमा, अकराला माझी पाळी आहे. आज तरी शाळा नको." ब्रिनने बूच आजीच्या हातात कोंबलं, खिशातून दुसरं सोनेरी बूच काढलं, कारण ब्रदर प्रत्येकाला एक जास्तीचं देत, आणि ती बोटीकडे पळाली.

हॉनबाई धक्क्यावरच्या खानावळीत शिरल्या. बटाट्याच्या सॅलडचं भांडं मोठ्या फ्रिजसमोर मांडलेलं. फ्रिजच्या दारावरची बोटींच्या पाळ्यांची यादी वाऱ्याने फडफडत होती. वाऱ्याशी भांडण्याची बाईंची पद्धत सोपी होती. हातात चुंबक आहे, समोर लोखंडी दार आहे. त्यांनी यादीवर सोनेरी बूच दाबलं आणि सोडलं.

बूच सॅलडमध्ये पडलं.

बाईंनी ते पुसून पुन्हा लावलं. पुन्हा सॅलड. तिसऱ्यांदा त्यांनी लावलं नाही. विज्ञानाला तीन वेळा लागतात, पण सॅलड इतरांनाही खायचं होतं.

यादीवर ब्रिनचं नाव नववं होतं. अकराला पाच मिनिटं. ताशी एकशेवीस मैलांवर एका बाजूचा ड्राइव्ह अडकला तर बोट वळत नाही. आडवी होते आणि मग उडते. गेल्या वर्षी अशाच एका बोटीचं नाक लोकांना चार दिवसांनी सापडलं होतं. हॉनबाईंच्या गुडघ्यांना पायऱ्या मंजूर नव्हत्या, पण त्या दिवशी गुडघ्यांना कोणी विचारलं नाही.

वाटेत वेंडेल हुपर भेटला. ड्राइव्ह दुरुस्त करणारा, बाईंचा जुना विद्यार्थी, दोनदा नापास. गुरुवारपासून त्याच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं.

"वेंडेल, तुझ्या दुकानात लोखंडाचा भुगा आहे?"

"बाई, दुकानात सध्या तेवढाच आहे."

"कागदी ताटलीत घेऊन ये. पळ."

बाई गर्दीतून पुढे सरकल्या. ब्रदर ऑरिन नव्या स्टुलावर चढले होते, पण आता एका हाताने खांब धरून.

"ब्रदर, एक शंका आहे."

"शंका म्हणजे सैतानाचं वंगण, भगिनी!"

"असेल. हे तुमचं बूच चुंबक आहे का?"

"चुंबक?" ब्रदर गर्दीकडे बघून कीव आल्यासारखे हसले. "चुंबक घाण ओढतं, भगिनी! हे घाण होऊच देत नाही. हे चुंबकाच्या पलीकडचं चुंबक आहे. यात ऊर्ध्वलहरी आहेत. लोखंडाचा कण न् कण यांच्या धाकाने जागेवर घट्ट बसतो!"

"ऊर्ध्वलहरी," हॉनबाई म्हणाल्या. "कुठल्या इयत्तेत शिकवतात?"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. वेंडेल ताटली घेऊन पोचला. बाईंनी सोनेरी बूच भुग्यात खुपसलं, घोळवलं, वर काढलं. लखलखीत! गर्दीने श्वास रोखला. मग बाईंनी 'जुनी पापं'च्या बादलीत हात घातला, एक तेलकट काळं बूच उचललं आणि ते भुग्यात बुडवलं. ते वर आलं तेव्हा त्याला झुपकेदार मिशी होती.

"पितळ आहे हे," बाई म्हणाल्या. "वर सोनेरी मुलामा. याला मिशी येत नाही, कारण दारालाही येत नाही, चमच्यालाही येत नाही. कालपासून तुम्ही गिअर नाही तपासलेत. पितळ तपासलंत."

"श्रद्धा नसलेल्या हातात बूच शांत होतं!" ब्रदर ओरडले.

"मग तुमच्या हातात घ्या," वेंडेल म्हणाला आणि त्याने ताटली पुढे केली. ब्रदरांना अचानक खांब दोन्ही हातांनी धरावासा वाटला.

धक्क्याच्या टोकाला ब्रिनची बोट क्रेनच्या पट्ट्यांत लटकत होती. खाली सोडायची तेवढी बाकी. ब्रिन हेल्मेट घालून उभी.

"ब्रिन, तेल काढ."

"ओमा! माझी पाळी आलीय!"

"दहा मिनिटं लागतील."

"दहा मिनिटांत यादीतून नाव कापतात! वर्षभर वाट बघितलीय मी. आणि एक बूच पितळेचं निघालं म्हणून गिअर वाईटच असेल असं कुठे आहे?"

"कुठेच नाही," हॉनबाई म्हणाल्या. "चांगलाही असेल. मला माहीत नाही, तुलाही नाही. तो माणूस तुला 'माहीत आहे' म्हणाला, एवढंच माझं भांडण आहे. चांगला निघाला तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन."

ब्रिनने आजीला जन्मात कधी माफी मागताना पाहिलं नव्हतं. ते बघायचा मोह तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. शिवाय बाईंनी क्रेनचा पट्टा दोन्ही हातांनी गच्च धरला होता, आणि तेही तिला दिसलं. तिने हेल्मेट काढलं.

वेंडेलने ड्राइव्हचं सोनेरी बूच फिरवलं. व्हॅनिलाचा घमघमाट सुटला आणि चमचमतं तेल घळाघळा बादलीत पडू लागलं. वेंडेलने ते दोन बोटांत चोळलं.

"बाई, हे तर पाणी! मोटारीच्या स्टिअरिंगचं पातळ तेल दिसतंय. गिअरचं तेल मधासारखं ताणलं पाहिजे. आणि वास कुजक्या अंड्याचा आला पाहिजे. त्यातलं गंधकच दणका बसला की दातांवर थर धरतं. हे सुवासिक तेल दातांना नुसता अत्तराचा फाया लावतंय!"

"आणि ती चमक?"

"अभ्रकाची पूड. माझी बायको गालाला लावते."

"म्हणजे तेलात खरा कण आला तरी या चमचमाटात दिसू नये," हॉनबाई म्हणाल्या. "बुचाने पकडायचं नाही, डोळ्यांनी बघायचं नाही. धर जुनं बूच या धारेत."

वेंडेलने जुनं चुंबकाचं बूच धारेत धरलं. सोनेरी चमक त्याच्यावरून निसटून गेली, एक कणही चिकटला नाही. काळी मिशी मात्र भराभर दाटली. आणि मग टक् असा बारीक आवाज झाला.

मिशीत तांदळाएवढा तुकडा अडकला होता. एका बाजूला झगमगीत, नुकताच तुटलेला. गिअरच्या दाताचा टवका.

ब्रिनने तो नखाने काढून तळहातावर ठेवला. लाउडस्पीकरवर तिचं नाव दोनदा पुकारलं गेलं आणि मग दहाव्या बोटीचं. ती खाली फळ्यांवर बसली आणि तिने ओमाचा हात धरला.

"हा टवका," ब्रदर ऑरिन मागून खचलेल्या आवाजात म्हणाले, "या बाईंच्या मनातल्या शंकेमुळे उडाला."

"हा कालच्या सरावात उडालाय, ब्रदर," वेंडेल म्हणाला. "बाईंना तेव्हा तुम्ही माहीतसुद्धा नव्हतात. पण तुम्ही थांबा हं, आमचे शेरीफ शंका फार काढतात."

ब्रदर थांबले नाहीत. मात्र त्यांची व्हॅन चाळीस बोटींच्या ट्रेलरमागे अडकली होती, आणि एकही ट्रेलरवाला गाडी हलवायच्या मनःस्थितीत नव्हता.

दहावी बोटही निघाली नाही. अकरावीही नाही. 'जुनी पापं'च्या बादलीभोवती झुंबड उडाली. जो तो आपापलं पाप ओळखू पाहत होता. लोक हॉनबाईंना बोला म्हणाले. बाई स्टुलावर चढल्या नाहीत, स्टुलांचा त्यांना भरवसा नव्हता. उभ्या जागेवरून म्हणाल्या:

"मिशी वाईट नाही रे. मिशी म्हणजे गिअर तुमच्याशी बोलतोय. तुम्हाला नको ते ऐकू येऊ नये म्हणून कोणी त्याचं तोंड बांधून देत असेल, तर तो तुमचा गिअर वाचवत नाहीये. चांगलंच सांगणारं बूच घेऊ नका, खरं सांगणारं घ्या. आणि कोणी खरं म्हणून काही सांगितलं, तर तपासा. मी सांगितलं तरी तपासा. भुगा लागतो, ताटली लागते आणि दोन मिनिटं लागतात. बास."

टाळ्या झाल्या. टोप्या उडाल्या. काहींनी डोळे पुसले, पण आता ते कुजक्या अंड्याच्या वासाने, कारण वेंडेलने खऱ्या तेलाचे डबे उघडले होते.

गर्दी पांगल्यावर डेलबर्ट फिंच तेवढा मागे राहिला. पंचावन्न वर्षांचा धिप्पाड गडी, बाईंचाच विद्यार्थी. धुऊन पुसलेलं चुंबकाचं बूच रुमालात धरून तो बाईंसमोर खालमानेने उभा राहिला.

"बाई, सगळं पटलं. शब्द न् शब्द पटला."

"बरं वाटलं, डेलबर्ट."

"मी भुग्यात बुडवूनही बघितलं. चांगलं आहे. फक्त बसवायच्या आधी..." त्याने बूच पुढे केलं. "तुमचा हात तेवढा लावता का याला?"