आन्दारसचा योइक

वसतिशाळेत मी आमच्या लोकांचं गाणं, योइक, गायलं म्हणून बाईंनी माझ्या तोंडात साबण कोंबला होता. त्यामुळे राजधानीहून आलेला फिल्मचा निर्माता हाल्वोर म्हणाला, "आजी, तुमच्या योइकमध्ये काय जादू आहे," तेव्हा माझ्या जिभेवर तीच चव आली.

माझ्या भाचीने, मारेतने, आन्दारसवर छोटीशी फिल्म केली होती. आन्दारस माझा धाकटा भाऊ. त्याच शाळेत तापाने गेला. त्याचा एक फोटोसुद्धा नाही. आहे तो आईने केलेला योइक. आन्दारस धावायचा, अडखळायचा, उठून परत धावायचा, तसाच त्याचा सूर. आम्ही माणसाविषयी गात नाही. योइक म्हणजे तो माणूसच, आणि तो ज्याचा त्याचाच. मारेतने तो माझ्याकडून गाऊन घेतला आणि शाळेच्या रिकाम्या खिडकीच्या दृश्यावर ठेवला.

गावच्या सभागृहात फिल्म दाखवायची होती. आम्ही कॉफीत सुकं मांस बुडवून खात बसलो होतो, तेवढ्यात मारेत आली. चेहरा पांढराफटक.

"मावशी, यांनी मला न विचारता कापाकापी केलीय. योइक सुरुवातीला टाकलाय. बर्फगाडीत बसलेल्या पर्यटकांच्या दृश्यावर."

"आणि खिडकीवर?"

"व्हायोलिन."

हाल्वोर शेजारीच होता. "बाहेरच्या प्रेक्षकाला पहिल्या मिनिटालाच धरावं लागतं, आजी. सूर तर तोच आहे ना?"

"तुझ्या बापाच्या नावाची पाटी शेजाऱ्याच्या दारावर ठोकली तर चालेल? अक्षरं तीच असतात."

तो हसला. "तुम्ही फारच मनाला लावून घेता."

"आधी तुम्ही लोकांनी गाऊ नका म्हटलंत. आता कुठे गायचं तेही तुम्हीच ठरवणार."

प्रोजेक्टरवर आमच्या गावचा मिह्कल होता. मी त्याला म्हटलं, "आवाज बंद ठेव रे."

"सगळा?"

"सगळा."

"अहो, करार झालाय," हाल्वोर उठला.

"मारेतशी झाला असेल," मिह्कल म्हणाला. "माझ्या बटणाशी नाही."

फिल्म मुकी सुरू झाली. पर्यटक तोंड उघडून हसत निघून गेले. लोक कॉफी पीत राहिले. मग खिडकी आली. मी गायला लागले. माझा आवाज आता पूर्वीचा राहिलेला नाही. आन्दारस अडखळतो तिथे मीही खरोखरच अडखळले. तेव्हा मागून कोणीतरी सूर उचलला, मग आणखी कोणी. सगळे माझ्याच वयाचे, त्याच शाळेतले. साबण त्यांनीही चाखलेला.

योइकला शेवट नसतो, तो मध्येच थांबतो. आम्ही थांबलो. हाल्वोर जोरजोरात टाळ्या वाजवू लागला, एकटाच.

मारेत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आधी आन्दारसला त्या पर्यटकांच्या गाडीतून उतरवा," ती म्हणाली. "मग टाळ्या."