गाडी गेली तेव्हाचा आवाज

रॉकेटने बेल वाजवली, लगेच दारावर थापही मारली, आणि मारल्याबरोबर हात मागे घेतला. आज गरज आपली आहे, हे त्याला तेवढ्यात आठवलं असावं.

तळमजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं, पण साखळीपुरतंच.

"बेल चालते आमची," त्या म्हणाल्या.

"सॉरी, काकू. दोन मिनिटं बोलायचं होतं."

"हळू बोल. हे आत्ता कुठे लवंडलेत."

रॉकेट हे नाव त्याला इमारतीने ठेवलं होतं, आणि ते कौतुकाने ठेवलंय असं तो समजून होता. गाडीच तशी होती. पिवळीधमक, जमिनीला पोट घासेल इतकी खाली, आणि सुरू झाली की पहिल्या मजल्यापर्यंतची भांडी एकमेकांशी बोलू लागायची. तिची जागा नेमकी काकूंच्या खिडकीखाली. निघण्याआधी इंजिन 'गरम' करायला तो बराच वेळ ती तिथेच गुरगुरवत ठेवी. खिडकीच्या आत काका. त्यांना कंपवात. एरवी थरथरणारा हात त्या आवाजाने असा उडायचा, की चहा ओठांपर्यंत पोचायच्या आधी चादरीपर्यंत पोचायचा.

काकूंनी आधी गोडीत सांगितलं, मग चिठ्ठी लावली, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. तिथे रॉकेटने छातीवर हात ठेवला होता. "कंपनीच अशी बनवते, काकू. माझ्या हातात असतं तर मी ऐकलं नसतं का?" लोकांना तो हात पटला नव्हता, पण गाडीतलं कुणाला काय कळतंय? विषय संपला.

पुढे कुणीतरी त्या पिवळ्या रंगावर पुढच्या दिव्यापासून मागच्यापर्यंत सरळ रेघ ओढली. रॉकेटने पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत काकांकडे बोट दाखवलं. "आवाजाचा त्रास ज्यांना, त्यांनाच विचारा."

काकांनी आपला हात वर धरला. तो बराच वेळ हवेत हलत राहिला.

"इतकी सरळ रेघ मला काढता आली असती ना बाळ," काका म्हणाले, "तर मी औषधं बंद केली असती."

लोक हसले. रॉकेट हसला नाही, आणि त्याने माफीही मागितली नाही. रेघ कुणी ओढली ते कळलं नाही. इमारतीत जवळजवळ प्रत्येकाने तिचं श्रेय मनातल्या मनात घेऊन झालं होतं.

आणि आता गाडीच गेली होती. रविवारी भर दुपारी, इमारत जेवून पडलेली असताना.

"विमा कंपनीचा माणूस आलाय," रॉकेट दाराच्या फटीतून म्हणाला. "प्रत्येक घरी जाऊन विचारतोय. वरचं सगळं झालं, आता तुमच्या शेजारच्या वकिलांकडे बसलाय. मग तुमच्याकडेच येणार."

"येऊ दे. आमच्याकडे काय, चोरून ठेवलीय का?"

"तसं नाही हो. सगळे काय सांगताहेत माहितीये? गाडी गेली तेव्हा आवाज आला म्हणे. वरच्या मास्तरीणबाई म्हणतात, झोप मोडली. वकील म्हणतात, मुडद्याने कूस बदलली असती!"

खोटं कुणी बोलत होतं असंही नाही. कानांना वळण पडतं. गाडी गेली म्हणजे आवाज झालाच असणार, असं कान धरून चालतात. ज्याला थोडी शंका आली असेल, त्यालाही तिचा फायदा रॉकेटला द्यायचं काही कारण नव्हतं.

"मग? आवाज आला तर आला."

"तिथेच तर मेख आहे ना, काकू!" रॉकेटने फटीत तोंड घातलं. "किल्ल्या दोन्ही माझ्याकडे आहेत. हल्ली चोर एक यंत्र घेऊन दाराबाहेर उभा राहतो. आतली किल्ली बाहेरूनच गाडीला सापडते आणि गाडी उघडते. तो माणूस म्हणतो, हे मला मान्य. पण असा चोर गुपचूप जाईल. दिवसाढवळ्या सगळी इमारत उठवत फक्त मालक जातो, असं म्हणाला. हसून म्हणाला! म्हणजे मीच ती कुठेतरी लपवली आणि चोरीची बोंब मारली. विमा तर जाईलच, वर खोट्या तक्रारीचा गुन्हा माझ्यावर. नोकरीसुद्धा जाईल माझी."

काकूंनी दार लोटून घेतलं, साखळी काढली आणि दार पुन्हा उघडलं. रॉकेट चपला काढून आत आला. या घरात तो पहिल्यांदाच येत होता. खिडकीला जाड पडदा, पडद्याच्या मागे आणखी एक गोधडी ठोकलेली. त्याने तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. पलंगावर काका जागेच होते.

"तुम्ही रविवारी दुपारी खिडकीशीच असता," तो म्हणाला. "काही दिसलं का? काहीही?"

"दिसलं की. गोधडीचं टोक सारून बघत होते."

रॉकेट न विचारता खुर्चीवर बसला.

"दोघे होते," काकू म्हणाल्या. "एक जिन्यातून बॅग घेऊन उतरला, सामान पोचवायला आल्यासारखा. दुसरा गाडीत बसला होता. शिस्तीत मागे घेतली. माझी स्कूटर आडवी होती, तर खाली उतरून ती उचलून बाजूला ठेवली. तू कधी ठेवली नाहीस."

"आणि आवाज?"

"कसला आवाज? आमचा फ्रिज जास्त करतो."

"बघा!" रॉकेटने दोन्ही हातांनी स्वतःच्या मांड्यांवर थाप मारली. पलंगावर काकांचा हात उडाला. "सॉरी, काका. बघा! तेच! एवढंच सांगा त्याला, काकू. अगदी याच शब्दांत. पण तुम्ही तेव्हाच ओरडला का नाहीत?"

"का ओरडू? मला वाटलं, गॅरेजची माणसं आलीत. तू आवाजाचं काम करून घेतलंस." काकूंनी पलंगाकडे मान केली. "यांना म्हटलंसुद्धा, बघा, उगाच बोलतो आपण पोराला. उशिरा का होईना, ऐकलं त्याने. पेढे द्यायला येणार होते मी तुला."

"अहो, कसलं काम!" सुटकेने रॉकेटची जीभ सैल झाली होती. "त्यात बटण असतं ना, स्टिअरिंगच्या बाजूला. ते दाबलं की आवाज बंद. आत बसल्या बसल्या त्याने पहिलं तेच दाबलं असणार. चोराला..."

तो थांबला.

"बटण," काकू म्हणाल्या.

"म्हणजे... तसं ते..."

"पहिल्यापासून होतं?"

"काकू, आवाजाशिवाय त्या गाडीत आहे काय? लोक वळून बघतात ते..."

"पहिल्यापासून होतं का, एवढंच विचारतेय मी."

"होतं," तो म्हणाला.

काकांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

बेल वाजली. एकदाच, बेताची. काकूंनी दार उघडलं. विम्याचा माणूस चपला काढायला वाकला, तर काकू म्हणाल्या, राहू द्या हो. त्याने आत रॉकेटला बसलेलं पाहिलं आणि भुवई जरा वर केली.

"तुम्ही बाहेर थांबता का?"

"असू दे की," काकू म्हणाल्या. "त्याच्यासमोरच सांगते."

रॉकेटचा चेहरा उजळला. त्याने खुर्चीची कड घट्ट धरली आणि काकूंकडे पाहून मान हलवली, जत्रेतल्या झोक्यावर बसलेल्या लेकराला धीर द्यायला आई बाहेरून हलवते तशी.

"गाडी गेली तेव्हा आपण घरीच होता?"

"आम्ही कुठे जाणार? इथेच."

"कोणी दिसलं?"

"नाही बाई. पडदा लावलेला असतो."

"काकू..." रॉकेट म्हणाला.

"आणि आवाज?" विम्याच्या माणसाने विचारलं.

काकू पलंगापाशी गेल्या. चादरीची एक घडी हाताने सारखी केली, मग दुसरी.

"झाला ना. नेहमीसारखा. यांचा चहा सांडला, चादर बदलावी लागली मला."

"काकू, अहो, आत्ता तुम्ही..." रॉकेट उठून उभा राहिला. विम्याच्या माणसाने त्याच्याकडे न बघता त्याला हाताने थांबवलं. घरचं भांडण पाहायला आपण आलेलो नाही, असा तो हात होता.

"आणि आपण, काका? आपण ऐकलात आवाज?"

काकूंनी वर पाहिलं नाही. त्यांचा तळवा चादरीवर होता तिथेच राहिला. काका आधी त्या तळव्याकडे पाहत होते. मग त्यांनी मान वळवली आणि रॉकेटकडे पाहिलं, एखादं दुकान ओळखीचं वाटलं की रस्त्यातून पाहावं तसं, सावकाश, आतपर्यंत.

"अजून ऐकू येतो," काका म्हणाले.