भोंग्यातला गोड आवाज

मित्रांनो, जरा मान वर करा. बॉयलरच्या खोलीच्या दारावर, कोळिष्टकांत अडकलेला जुना भोंगा दिसतो ना, तो मी. तोंड एवढं मोठं, पण आवाज कायम दुसऱ्याचा.

पहिला आवाज अक्कांचा. कापड रंगवायच्या या कारखान्यातल्या त्या मुकादम. वाफ कोंडली की माझ्यात भरून ठेवलेली त्यांची हाक सुटे, "अरे मेल्यांनो, टाका हातातलं! पळा बाहेर!" एकदा वाफेचा नळ फुटला, तेव्हा जेवायला बसलेली माणसं खरकट्या हातांनी पळाली. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. त्या दिवशी मला पुसून लख्ख केलं. मी केवढा फुगलो होतो!

पुढे आमचं कापड परदेशी जाऊ लागलं, तिकडचे पाहुणे येऊ लागले. मालकांनी माझ्यात एका गोड आवाजाच्या बाईंचं इंग्रजी भरलं. पाहुणे आले की स्वागत, वाफ कोंडली की इशारा. स्वागत रोजचं, इशारा क्वचितच.

"मालक, जीव वाचवायची हाक तरी आपली राहू द्या," अक्का म्हणाल्या. "माझी सून बॉयलरपाशी असते हो."

"अक्का, इंग्रजी जगभर चालतं. पाहुण्यांसमोर 'मेल्यांनो' शोभतं का? आणि सगळ्यांना अर्थ शिकवलाय की!"

खरंच शिकवला होता. पण सरावासाठी इशारा वाजवला, तेव्हा कुणीच पळालं नाही. सगळ्यांनी टोप्या सरळ केल्या, हात पुसले आणि हसऱ्या तोंडाने रांगेत उभे राहिले. इंग्रजी म्हणजे पाहुणे, हे अंगवळणी पडलं होतं. मालकांना हसू आवरेना. "शिस्त तर बघा! पाहुणे जाऊ देत, मग बदलू." अक्का हसल्या नाहीत. मला तर धडकीच भरली.

मित्रांनो, ती भाषा वाईट नाही. जगाशी बोलायला जरूर शिका. पण ज्या हाकेने पाय आपोआप उचलतात, ती पुसू नका. तशी हाक पाठ करून येत नाही.

आज सकाळपासून बॉयलरचा काटा लाल रेघेकडे सरकतोय. अक्का पार पलीकडच्या टोकाला, घड्या घालायच्या टेबलापाशी आहेत. काटा रेघेला टेकला. माझ्या तोंडून तो गोड आवाज निघाला.

बॉयलरपाशी सुनेने टोपी सरळ केली, हात पुसले आणि हसत दाराकडे बघत उभी राहिली.

अक्का, ओरडा हो! तुमचा आवाज आता माझ्यात नाही.