नमुन्याचा तुकडा

टेलरबाईंचा नवरा बायकोला किडनी देणार, ही बातमी त्यानेच गल्लीभर केली होती. जन्मात कधी इकडची काडी तिकडे केली नाही, पण आठवडाभर पठ्ठ्या कमरेवर हात ठेवून पेशंटसारखा चालत होता.  डायलिसिसने बाईंचा जीव मेटाकुटीला आला होता आणि माहेरच्यांनी केव्हाच हात वर केले होते. देणारा असा हा एकच उरला होता.

तपासणीचा निकाल बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुळत नाही. यांच्या पेशी तुमच्या रक्ताच्या पाण्यात घातल्या, तर मेल्या."

"पण रक्तगट एकच आहे ना?" बाईंनी विचारलं.

"रक्तगटाचं नाही हे. शरीरात पहारेकरी पेशी असतात. परकं काही सापडलं की त्या ते फोडतात, त्याचा तुकडा अंगावर लावतात आणि दुसऱ्या पेशींना दाखवत हिंडतात. जिला तो ओळखू येतो, ती त्याच्याविरुद्ध फौज उभी करते. मग ती ओळख वर्षानुवर्षं पुसत नाही."

बाईंना लगेच कळलं. अस्तर जुळवायला त्याही कापडाचा तुकडा घेऊन दुकानोदुकानी हिंडायच्या.

"पण यांचं माझ्या अंगात गेलं कधी?"

"पोटातल्या बाळात अर्धं बापाचंच असतं. त्याच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. किती वेळा दिवस गेले होते?"

"दोनदा," नवरा घाईने म्हणाला. "दोन मुलगे आहेत, दोघंही शाळेत."

"चारदा," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने डोळे वटारले. थोरल्यानंतर लागोपाठ दोन खेपांना मुलगी निघाली होती. सासूने फर्मान काढलं, याने गाडी बोलावली आणि बाई दोन्ही वेळा रित्या होऊन घरी आल्या. घरात पुन्हा कुणी ब्र काढला नाही.

"ते कशाला उकरतेस? त्या जन्मल्या तरी कुठे?"

"शरीर ते बघत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दर खेपेला ओळख पक्कीच होत जाते. आता मृत दात्याच्या किडनीसाठी यादीत नाव घालू. वाट बघावी लागेल."

नवरा जिना धडाधड उतरला. कमरेवरचा हात कुठल्या कुठे गेला होता. खाली येताच त्याने आईला फोन लावला. "मी तयार होतो गं. हिच्याच रक्ताने नाही म्हटलं."

"सुटलास बाबा," पलीकडचा आवाज मागोमाग उतरलेल्या बाईंनाही ऐकू आला.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फोन हातातून काढून घेतला.

"आई, त्या दोघींना तुम्ही घरात येऊ दिलं नाहीत. माझ्या अंगाने त्यांना अजून लक्षात ठेवलंय. म्हणून तुमचा मुलगा सुटला."

पलीकडून फोन बंद झाला.

"म्हाताऱ्या माणसाला हे सांगायची काय गरज होती?" नवरा करवादला.

"मी गेल्यावर त्यांची आठवण ठेवणारं कुणी उरणार नाही," बाई म्हणाल्या आणि डायलिसिसच्या खोलीकडे एकट्याच वळल्या.