ओल्या भिंतीतले कान

बाथरूमची भिंत नळामागे ओली झाली आहे, हे मास्तरांची बायको तीन महिने सांगत होती. मास्तर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि घरी "उद्या बोलावतो प्लंबरला" एवढंच म्हणायचे.

एका सकाळी बायकोने हाक मारली, "अहो, या जरा. तुमच्या आळसाला कान फुटलेत!"

दोन फरशांच्या फटीतून खरंच तपकिरी, कानांसारख्या तीन वाट्या बाहेर आल्या होत्या. आता बोलणी खायची, म्हणून मास्तर मान खाली घालून आत शिरले आणि बघता बघता गुडघ्यांवर बसले.

"अगं, ही पिशवीवाली बुरशी!"

"पिशवी घेऊन आलीय? म्हणजे मुक्कामालाच आलीय."

"तशी नव्हे गं! या वाटीच्या आतल्या बाजूला हजारो बारीक, लांबट पिशव्या असतात. प्रत्येकीत आठ बीजाणू. पाव फुगवणारं यीस्ट, लिंबावरची हिरवी बुरशी, सगळी हिचीच भावकी."

"भावकी जमायच्या आत मी प्लंबरला फोन केलाय," बायको म्हणाली.

तासाभरात प्लंबर आला. मास्तर दार अडवून उभे. "दोनच दिवस थांबा. अजून पिकायच्या आहेत."

"मी थांबतो हो, पण पाणी थांबेल का?" म्हणत प्लंबर आत घुसला. हे काय उगवलंय ते नीट दिसावं म्हणून त्याने एका वाटीवरची धूळ फुंकली. क्षणभर काहीच झालं नाही. मग वाटीतून पांढुरका धूर भस्सकन वर आला.

प्लंबर दोन पावलं मागे उडाला. "वहिनी, हिने उलट फुंकर मारली!"

"पिकल्यात!" मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. "हवा हलली की पिशव्या एकदम फुटतात. तो धूर नाही, बीजाणू आहेत ते."

"सरका," बायको म्हणाली. तिने पदर खोचला, दुसऱ्या वाटीवर हलकेच फुंकर मारली. धूर उठला तशी ती खुदकन हसली. मास्तर बघताहेत हे दिसताच तिने चेहरा सरळ केला.

शेवटी जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आला. तिसऱ्या वाटीची पातळ चकती काचेखाली गेली. बायकोने डोळा लावला.

"शेंगेतल्या वाटाण्यांसारखे आहेत ओळीने. आठ." मग तिने आणखी चार पिशव्या मोजल्या. नवऱ्याच्या शब्दावर तिचा भरवसा बेताचाच होता. "आठच भरतात हो."

प्लंबरही हात पुसून रांगेत उभा होता. त्यामुळे नळ दुरुस्त व्हायला संध्याकाळ झाली आणि मास्तरांना आंघोळीला शेजारी जावं लागलं.

परत आले तेव्हा बायको म्हणाली, "स्वयंपाकघराच्या खिडकीखालीही ओल दिसतेय."

"खरंच?" मास्तर भिंग शोधायला उठलेच.

"बसा. उद्या सकाळी तोच प्लंबर येणार आहे, तुम्ही शाळेत गेल्यावर."

मास्तरांचा चेहरा इतका उतरला, की तिलाच वाईट वाटलं. "बरं, काही उगवलं असेल तर डबीत काढून ठेवीन," ती म्हणाली. "पण फुंकर आधी मी मारणार."