उरलेले अकरा फोटो

रोलमधले शेवटचे अकरा फोटो संपवायचे, एवढंच काम काढून हिकमत नवरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, दिवशी घराबाहेर पडला होता. दहा झाले होते. अकरावा काढून त्याने कॅमेरा खाली घेतला आणि कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

"आमक, मागचं झाकण उघडा."

तिशीतला हमाल. शर्टावर पोत्यांची धूळ, हनुवटीला अजून सुमलक, सणाची गव्हाची खीर, लागलेलं. तोंडाने काका म्हणत होता आणि हाताने मनगट पिळत होता. पंजशंबे बाजारात सणाचे ढोल चालले होते, पोरी झोपाळ्यावर किंचाळत होत्या, या दोघांकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"माझा फोटो काढलात. उघडा, नाहीतर मी उघडतो."

काढला होता, यात काही खोटं नव्हतं. हातगाडी मधेच सोडून हा गडी वाडग्यातलं सुमलक बोटाने चाटत उभा होता, पाच वर्षांच्या पोरासारखा, आणि मागे बाजाराची अख्खी कमान. असा फोटो सोडेल तो हिकमत कसला? खुजंदच्या रस्त्यांवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा तर खरबूज फेकून मारलं होतं कुणीतरी. त्याला कॅमेऱ्याची काळजी नव्हती. पण या माणसाचा अंगठा झाकणाच्या खिटीवर होता, आणि ती वर ओढली की आत ऊन शिरून सगळा रोल जाणार होता. त्या रोलमध्ये सबोहतचे तीन फोटो होते.

सबोहत म्हणजे त्याची बायको. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने एकदाही फोटो काढू दिला नव्हता. "गावभरचे चेहरे काढता ना, माझं नाक तेवढं सोडा," म्हणायची. मग डिसेंबरात, आजारात, एक दिवस आपणहून अंगणात येऊन बसली. "काढा आज. मन फिरायच्या आत काढा." त्याने तीन काढले. संध्याकाळी तिने विचारलं, "कशी आलेय?" तो म्हणाला, "रोल संपू दे, मग धुतो. अकरा उरलेत." रोल मिळायची मारामार, कुणी मॉस्कोहून आलं तर चार आणणार, त्यामुळे अर्धा रोल धुवायचा नाही हा त्याचा जन्माचा नेम. मेला तो नेम. तिने आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने तेच उत्तर दिलं. जानेवारीत ती गेली, तेव्हाही अकराच उरले होते. त्यानंतर कॅमेरा खुंटीवर होता तो आज खाली आला.

"तुझं नाव काय?" हिकमतने विचारलं.

"नाव कशाला पाहिजे?" खिटीवरचा अंगठा हलला. मग त्याचं त्यालाच राहवलं नसावं. "शोदमोन. इस्फऱ्याचा, इथून बसने दोन तासांवर. घरी सगळ्यांना वाटतं मी मॉस्कोत बांधकामावर आहे. तिथून तीन वर्षांपूर्वी हाकललं मला, पाच वर्षं पाय ठेवायचा नाही म्हणाले. कुठल्या तोंडाने घरी जाऊ? इथे गाडी ओढतो. तुमचे फोटो तुमच्या दुकानाच्या काचेत लागतात, मला माहीत आहे. आमच्याकडचं कुणीतरी बघणार आणि आईला जाऊन सांगणार. उघडा."

"ऐक. माझ्याबरोबर चल. तुझ्या डोळ्यांसमोर रोल धुतो, तुझा तुकडा कापून तुझ्या हातात देतो. मग तो जाळ नाहीतर गिळ. पण आत्ता झाकण उघडलंस तर माझी बायको दुसऱ्यांदा जाईल. पहिल्या वेळी कसंबसं निभावलं, आता जमणार नाही."

शोदमोन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. थट्टा वाटत नव्हती. अंगठा निघाला, पण कॅमेऱ्याचा पट्टा त्याने मुठीत गुंडाळून घेतला आणि दुकान येईपर्यंत सोडला नाही. दोघे सणाच्या गर्दीतून एका दोरीला बांधल्यासारखे चालत गेले.

दुकानामागची खोली म्हणजे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. हिकमतने दाराच्या फटीत चिंधी कोंबली. "आता पूर्ण अंधार लागतो. लाल दिवासुद्धा नाही. हलायचं नाही, काडी ओढायची नाही. सगळं बोटांनीच करायचं असतं."

"आणि तुम्ही मधेच रोल बदललात तर?"

"मग माझा गळा धर. जवळच आहे."

दिवा गेला. हिकमतने रोल डबीतून ओढून चक्रीच्या खाचेत घातला. दोन वेळा खाच चुकली, तिसऱ्यांदा बसली. मनात तो आकडे मोजत होता, साधारण कुठवर आलो ते. पंधरा. अठरा. वीस. पाठीमागे शोदमोनचा श्वास ऐकू येत होता.

तेवढ्यात खोली निळी झाली.

शोदमोनच्या खिशातला फोन वाजत होता. शर्टाच्या कापडातून उजेड फाकला होता आणि हिकमतला आपल्या दोन हातांमधली फिल्मची पट्टी लख्ख दिसली. जी कधीही दिसता कामा नये ती दिसली. तो तसाच तिच्यावर पालथा पडला. "बंद कर ते!" शोदमोनने फोन पोटाशी दाबला, चाचपडत बंद केला. दोन सेकंद झाले असतील, फार तर तीन.

"कोण होतं?" हिकमतने अंधारातच विचारलं.

"आई. सणाचा फोन. सकाळपासूनचा चौथा."

"उचलत का नाहीस?"

"उचलून काय सांगू?"

हिकमतने उरलेली पट्टी गुंडाळली, चक्री उजेडबंद डब्यात ठेवून झाकण लावलं आणि दिवा लावला. शिव्या त्याच्या ओठांवर आल्या होत्या, पण द्यायच्या कुणाला? फिल्म भरताना या खोलीत त्याने आजवर दुसरं माणूस उभं केलं नव्हतं, म्हणून फोन बंद कर म्हणायचं सुचलंच नाही. डेव्हलपर ओतून तो डबा हलवत बसला. नऊ मिनिटं. शोदमोन भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. पळून जायला दार मोकळं होतं, तरी गेला नाही.

फिल्म धुऊन हिकमतने दिव्यासमोर धरली. विसाच्या पुढे काळा डाग सुरू झाला. तेवीस, चोवीस, सबोहतचे पहिले दोन: काळेठिक्कर, आत काही नाही. पंचवीस कडेला जळला होता, पण मधे एक माणूस बसलेलं होतं. त्यापुढे आजचे अकरा, सगळे चांगले.

बोलल्याप्रमाणे त्याने शेवटचा तुकडा कापून शोदमोनच्या हातात ठेवला. "घे. सुटलास. जा."

शोदमोनने तो मुठीत घेतला. "दोन माझ्यामुळे गेले ना? तिसरा निघेपर्यंत थांबतो."

फिल्म गरम हवेने वाळवायची नसते, हे हिकमतने शिकायला आलेल्या पोरांना ओरडून सांगितलेलं. आज त्याने सबोहतचं केस वाळवायचं यंत्र लावलं. मग लाल दिव्यात कागदावर उजेड टाकला आणि कागद डेव्हलपरमध्ये बुडवला. आधी नाकच आलं. मग डोळे, मग मफलर. ती हसत होती, याच्यावरच हसत होती, आणि काय सुंदर दिसत होती. हिकमतला रडू फुटलं. त्याने ते लपवलं नाही.

"त्यांनी पाहिला नाही हा?" शोदमोनने हळूच विचारलं.

"तीनदा विचारलं तिने. मी म्हटलं, अकरा उरलेत."

शोदमोनने खिशाला हात लावला आणि तसाच थांबला. "आमक, आता फोन चालू केला तर चालेल?"

"थांब. दोन मिनिटं." हिकमतने कागद उचलून फिक्सरमध्ये टाकला; फोटो पक्का होईपर्यंत उजेड चालणार नव्हता. ती दोन मिनिटं शोदमोनला फार जड गेली. त्याचा अंगठा फोनवर जात होता आणि मागे येत होता, आणि तो आता मन बदलणार असं हिकमतला दोनदा वाटलं. "झालं," हिकमत म्हणाला. "आता लाव."

पहिल्याच घंटीला पडद्यावर आईचा चेहरा आला. "बाळा, अरे कुठे होतास? आणि असा अंधारात का बसलायस? रात्र झाली का तिकडे?"

शोदमोनने ओल्या फोटोकडे पाहिलं.

"नाही गं आई. तुझ्याकडे आहे तेवढंच ऊन इथे आहे. खुजंदला आहे मी. तीन वर्षं इथेच आहे."

पडद्यावर आईचा चेहरा तसाच थिजला. हिकमतला वाटलं फोन कटला.

"चारची बस धर," आई म्हणाली. "सुमलक झाकून ठेवते."