तुटक रेघ

"मग वर्षभर मी काय झोपा काढल्या का हो, ताई?"

काका टेबलाशी उभेच होते. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. पँटला ग्रीस आहे, म्हणाले. पडद्यावर कंपनीतल्या सगळ्या लिफ्ट-मेकॅनिकांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे, त्याने केलेल्या दुरुस्त्यांचा निळा पट्टा. काकांचा पट्टा सगळ्यांत खाली, नखाएवढा.

"तुमच्या कामांची नोंद होत नाही का?" तिने विचारलं. ऑफिसात तिला सगळे रिपोर्टताई म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर होतं.

"होते की. जोडीदार करतो, त्याच्या मोबाइलवर. मला ती बारीक बटणं दिसतात कुठे! मी वर मशीनपाशी, तो खाली डब्यात. तो ओरडणार, मी फिरवणार. लिफ्टचं काम एकट्याने होतं का कधी?"

"शिलेदार करतात."

"त्याचं सोडा. जोडीदार नोकरी सोडून गेला, कंपनीने दुसरा दिला नाही. करतो बिचारा वर-खाली जिने चढून." एकांडा म्हणून त्याला शिलेदार हे नाव काकांनीच दिलं होतं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक माणूस कमी करणार म्हणे. सगळ्यांत खालचा. खरंय?"

खरं होतं. संध्याकाळपर्यंत साहेबांना पक्का रिपोर्ट हवा होता.

"या वयात मला कोण ठेवून घेणार, तुम्हीच सांगा."

"बघते मी, काका."

"बघा. तुमचं चुकलं असं नाही हं म्हणत. मशीनचं चुकलं असेल."

काका गेल्यावर तिने नेहमीच्या खोड्या तपासल्या. मेकॅनिकाचा क्रमांक एका तक्त्यात आकडा आणि दुसऱ्यात अक्षरं म्हणून साठला असेल, तर दोन तक्ते एकमेकांना ओळखत नाहीत. तसं नव्हतं. क्रमांकामागे एखादी रिकामी जागा चिकटली असेल, तरी तेच होतं. तीही नव्हती. एकच क्रमांक दोघांना दिला गेला नव्हता. बिननावाच्या ओळीत कोणाची कामं जाऊन पडली नव्हती. बेरीज चोख होती, आणि चोख बेरजेतली चूक शोधणं तिला सगळ्यांत अवघड वाटे.

शेवटी तिने तक्त्यांचा नकाशा उघडला. डावीकडे कामांचा तक्ता, उजवीकडे माणसांचा, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन रेघा. कामांच्या तक्त्यात दोन रकाने होते, पहिला मेकॅनिक आणि दुसरा मेकॅनिक. पहिल्यापासून निघालेली रेघ सलग होती, दुसऱ्यापासूनची तुटक. दोन तक्त्यांमध्ये एका वेळी एकच रेघ जागी राहते, म्हणजे मोजणीत धरली जाते; दुसरी मुद्दाम हाक मारल्याशिवाय उठत नाही. इतकी वर्षं तिला कोणी हाक मारलीच नव्हती. नोंद करणारा आपलं नाव पहिल्या रकान्यात टाकणार, हे उघड होतं. जो वर मशीनपाशी हात काळे करत होता, तो कायम दुसऱ्या रकान्यात.

तिने सूत्र लिहिलं आणि तुटक रेघ जागी केली. काकांचा पट्टा सरसर वाढत बाकीच्यांच्या रांगेत जाऊन बसला. ती एकटीच हसली. चहा मागवावा असंही तिला वाटलं.

मग तिची नजर तळाला गेली. तिथे शिलेदार होता.

चूक शोधायला वेळ लागला नाही, कारण चूक नव्हतीच. जोडीने केलेलं एक काम आता दोघांच्याही नावावर पूर्ण चढत होतं. शिलेदाराचं काम त्याच्या एकट्याच्या नावावर, आणि दोघांइतकी कामं एकट्याने होत नाहीत. तिने सूत्र बदललं. जोडीचं काम अर्धं-अर्धं वाटून दिलं. शिलेदार थेट वर गेला. काकांची जोडी सगळ्यांत सावकाश, जुन्या इमारती त्यांच्याच वाट्याला. काका पुन्हा तळाला; रजेच्या दिवसांमुळे जोडीदाराच्याही खाली.

तिने पुन्हा पूर्ण केलं, पुन्हा अर्धं केलं. इमारतीच्या वयाचा गुणक लावला, तर तिसराच कोणी खाली घसरला. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. तिने तो गुणक घाईने खोडला, आणि आपण का खोडला हे लक्षात येऊन तिला स्वतःचीच लाज वाटली. कोणतंही सूत्र लिहा, तळाला एक माणूस उरतच होता.

"सापडली का चूक?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"सापडली. पण साहेब, मोजायच्या दोन रीती आहेत, आणि दोन्हींत वेगळं नाव येतं."

तिने समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकलं, आणि हसले. "अर्धं-अर्धं? म्हणजे काय, अर्धी लिफ्ट दुरुस्त झाली म्हणून लिहू?"

"शिलेदारांना जोडीदारच दिलेला नाही. त्यांना बाकीच्यांशी तोलायचं कसं? या आकड्यावर माणूस काढताच येत नाही, साहेब."

"ताई, काढायचा का, हे मला कोणी विचारलेलं नाही. मला वरून आलंय, एक नाव द्या. नाही दिलं, तर ते त्यांच्या मनाने दोन काढतील." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पूर्वी चूक होती. ती तुम्ही दुरुस्त केलीत. बरोबर?"

"हो, पण..."

"मग दुरुस्त केलेला आकडा धरू. तेवढंच सांगता येईल मला."

शिलेदाराचं नाव तिच्यासमोरच वर गेलं. ते परत आणायचं बटण तिच्याकडे नव्हतं, आणि आता बहुतेक साहेबांकडेही नव्हतं.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी काका उभे होते. "वर आलो ना मी? जोडीदाराने मोबाइलवर बघून सांगितलं. ताई, तुमचे फार उपकार झाले." मग ग्लास तोंडाशी नेता नेता थांबले. "खाली कोण गेलं?"

तिने नळ सोडून आपला ग्लास भरायला घेतला. काकांनी पाणी न पिताच ग्लास उपडा घातला. "उगीच विचारलं," असं म्हणून ते निघून गेले.

ऑफिस सुटलं तेव्हा लिफ्टचं दार उघडं होतं आणि आत शिलेदार गुडघ्यांवर बसून शेवटचा स्क्रू आवळत होता.

"या, या, रिपोर्टताई. सकाळपासून मजल्याच्या एक बोट वर थांबत होती. म्हातारी माणसं अडखळतात अशाने. आता चालू आहे."

"ही तक्रार कोणी नोंदवली?"

"नोंद कसली! आपल्याच ऑफिसची लिफ्ट. जाता-येता दिसलं, केलं." त्याने हत्यारं पिशवीत भरली. त्याला अजून कोणी कळवलेलं नव्हतं. कळवायचं काम उद्या सकाळचं होतं, आणि तिचं नव्हतं.

"शिलेदार..."

"बोला की."

ती आत जाऊन कोपऱ्यात उभी राहिली. दमल्या असाल असं म्हणून त्याने तळमजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट आवाज न करता उतरली. दार उघडलं, तसा त्याने मिटू पाहणाऱ्या कडेवर हात ठेवला आणि तिला आधी जाऊ दिलं. तिने पाऊल टाकताना खाली पाहिलं. डब्याची फरशी आणि बाहेरची फरशी एका रेषेत होती, काडीचाही फरक नव्हता.